सी८ वरचा उंट: लास्कर डिफेन्स समजून घेण्याचं एक प्रकरण

प्रकरण अकरावीतल्या एका मुलीचं आहे. कोथरूडला राहते, शनिवार-रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धा खेळते, रेटिंग सोळाशेच्या आसपास. समोरच्यानं वजिरापुढचं प्यादं डी४ वर टाकलं की काळ्याकडून ती लास्कर डिफेन्स ही ओपनिंग (डावाची ठरलेली सुरुवात) खेळायची. पहिल्या तेरा चाली तोंडपाठ. घड्याळात जेमतेम दोन-तीन मिनिटं खर्ची पडलेली असायची. आणि तरीही या डावांत ती हरायची, तेही दर वेळी साधारण एकाच पद्धतीनं. ढोबळ चूक कुठे सापडायची नाही, मोहरा फुकट गेलेला नसायचा. पण विसाव्या-पंचविसाव्या चालीला पाहावं तर हलायला जागा नाही.

तिच्या बाबांचं मत असं की ओपनिंग बदलावी. स्लाव्ह घ्यावी, किंग्ज इंडियन घ्यावी, अशी यादीही त्यांनी तयार ठेवली होती. मला ते पटलं नाही. एखादी ओपनिंग तेराव्या चालीपर्यंत निर्धोक चालते आणि पुढे दर वेळी एकाच जागी अडते, तेव्हा दोष बहुधा तेराव्या आणि चौदाव्या चालीच्या मधल्या समजुतीत असतो. ओपनिंग बदलली तर ती समजूत नव्या ओपनिंगमध्येही सोबत जाते.

आधी मूळ चाली मांडतो. घो म्हणजे घोडा, उं म्हणजे उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. नुसतं घर लिहिलं असेल तर प्यादं. × म्हणजे मारणं, ०-० म्हणजे कॅसलिंग; ह एफडी८ म्हणजे एफ-रांगेतला हत्ती डी८ वर; आकड्यानंतर तीन टिंबं असतील तर ती काळ्याची चाल.

१. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घो सी३ घो एफ६ ४. उं जी५ उं ई७ ५. ई३ ०-० ६. घो एफ३ एच६ ७. उं एच४ घो ई४

ही सातवी चाल म्हणजे लास्कर डिफेन्स. इमान्युएल लास्कर १८९४ ते १९२१ जगज्जेते होते. १९०७ मध्ये फ्रँक मार्शलविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात त्यांनी घोडा असाच ई४ वर घातला होता, मात्र त्या वेळी एच६ आणि कॅसलिंगच्या आधीच. आज आपण जो क्रम खेळतो त्यात एच६ आधी येतं, आणि त्याचा फायदा पुढे जाणवतो: पांढऱ्यानं उंट डी३ वर आणि वजीर सी२ वर आणला तरी एच७ वर मारायला प्यादंच नसतं. राजाला एक खिडकीही मिळते.

पुढे मुख्य रस्ता असा जातो:

८. उं×ई७ व×ई७ ९. ह सी१ सी६ १०. उं डी३ घो×सी३ ११. ह×सी३ डी×सी४ १२. उं×सी४ घो डी७ १३. ०-०

यातली अकरावी चाल नीट पाहण्यासारखी आहे. काळा डी×सी४ आधी करत नाही, पांढऱ्याचा उंट हलेपर्यंत थांबतो. उंट डी३ वर आला की मग मारतो, म्हणजे त्याच उंटाला सी४ वर जायला दुसरी चाल खर्चावी लागते. लास्करमध्ये काळ्याला वेळ मिळतो तो अशाच बारीक ठिकाणी. हे तिला माहीत होतं. विचारल्यावर तिनं बरोबर सांगितलं. म्हणजे ती रट्टा मारणारी खेळाडू नव्हती, हे इथे नोंदवायला हवं.

आता तेराव्या चालीनंतरचा पट. पांढरा: राजा जी१, वजीर डी१, हत्ती सी३ आणि एफ१, उंट सी४, घोडा एफ३, प्यादी ए२, बी२, डी४, ई३, एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर ई७, हत्ती ए८ आणि एफ८, उंट सी८, घोडा डी७; प्यादी ए७, बी७, सी६, ई६, एफ७, जी७, एच६. मोहरी समसमान. एक घोडा आणि एक उंट दोघांकडेही. चाल काळ्याची.

हा पट खरा लावून समोर ठेवा आणि मगच पुढे वाचा. प्रकरणाचा सगळा जीव याच पटात आहे.

तिचा डाव

पुण्यातल्याच एका स्पर्धेत, तिसऱ्या फेरीत तिला ही पोझिशन मिळाली. इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) इथे पांढऱ्याला किंचित बरं, म्हणजे जवळजवळ बरोबरी दाखवतं, आणि तिनंही घरी तो आकडा पाहिलेला होता. तिनं दहा सेकंदांत खेळलं:

१३... घो एफ६

कारण विचारल्यावर म्हणाली, "सर, घोड्याची जागा एफ६ असते ना. राजापाशी राहतो, ई४ वर नजर ठेवतो. आणि डी७ मोकळं झालं की उंट बाहेर येतो."

तिन्ही कारणं एकेकटी घेतली तर खोटी नाहीत. डाव पुढे असा गेला:

१४. व सी२ उं डी७ १५. ई४ ह एफडी८ १६. ई५ घो डी५ १७. ह बी३ बी६ १८. घो डी२ ह एसी८ १९. घो ई४

आणि पुढच्या चालीला घोडा डी६ वर जाऊन बसला. ई५ चं प्यादं त्याला धरून होतं, आणि त्याला हाकलायला काळ्याकडे सोयीचं काही नव्हतं. तिचा उंट डी७ वरच. त्या उंटाच्या पुढे दोन्ही बाजूंना ई६ आणि सी६ ही आपलीच प्यादी, मागे नुसतं ई८ चं घर. डावाच्या शेवटापर्यंत त्यानं एकही उपयोगाची चाल केली नाही.

पंधराव्या चालीला पांढऱ्यानं ई४ केलं तेव्हा ती बराच वेळ थांबली होती. आपण ई५ केलं तर, हा विचार तिनं केला. पण १५... ई५ ला १६. घो×ई५ आहे आणि प्यादं सरळ गेलं, कारण ते धरायला एकटा वजीर, आणि वजिरानं घोडा मारला तर डी४ चं प्यादं वजीर मारतं. मग सी५? त्याआधी, चौदाव्या चालीलाच, तिनं सी५ पाहिलं होतं आणि तेही सोडलं होतं. बरोबर सोडलं होतं: १४... सी५ १५. डी×सी५ व×सी५ १६. उं×ई६ आणि काळा अडकला. उंट बाजूला झाला की सी३ चा हत्ती थेट वजिरावर. काळ्यानं ई६ चा उंट मारला तर वजीर जातो. वजीर हलवला तर पांढरा सी८ चा उंट मारतो, आणि सी-फाइलवर (सी च्या उभ्या रांगेत) हत्तीमागे वजीर उभा असल्यामुळे परत मारणंही महाग पडतं.

म्हणजे तिचं गणित चांगलं होतं. दोन्ही प्यादी ढकलता येत नाहीत हे तिला पटावर दिसलं. ती का ढकलता येत नाहीत, हे मात्र दिसलं नाही. उत्तर एकच आहे: घोडा डी७ वर नाही. डी७ वरून घोडा ई५ आणि सी५ ही दोन्ही घरं धरून असतो. ई५ केलं तर घोडा आणि वजीर मिळून प्यादं सांभाळतात. सी५ वर मारामारी झाली तर परत मारायला घोडा असतो, वजिराला त्या धोक्याच्या फाइलवर जावं लागत नाही. तेराव्या चालीला घोडा एफ६ वर नेला तेव्हा तिनं पुढच्या दोन्ही वाटा एका हातानं बंद केल्या, आणि पंधराव्या चालीला त्याच वाटा शोधत बसली.

अदलाबदलीनंतर काय उरतं

आमचं पहिलं बसणं झालं ते सदाशिव पेठेतल्या खोलीवर, संध्याकाळी, लॅपटॉप बंद ठेवून. मी पट तेराव्या चालीवर लावला आणि इतकंच विचारलं: या चालींत काळ्यानं मिळवलं काय?

तिचं उत्तर: "दोन मोहरी कमी झाली. जागा अडचणीची होती, आता मोकळी झाली. बरोबरी झाली."

बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ हे वाक्य इथेच सोडतात. लास्कर डिफेन्स म्हणजे अदलाबदल करून सोपं करणं, असं सांगितलं जातं, आणि ते अर्धंच सांगणं आहे. काळ्याची जागा कमी आहे, म्हणून तो एक उंट आणि एक घोडा बदलून टाकतो. ठीक. पण बदलला कोणता उंट? ई७ चा, काळ्या घरांवरचा, जो आधीच मोकळा होता. उरला कोणता? सी८ चा, ज्याच्या पुढे ई६ आहे आणि ज्याची दुसरी बाजू आपणच सी६ करून बंद केली. पेठेतल्या छोट्या खोलीतलं सामान हलवलं, खोली मोठी दिसायला लागली, पण खिडकी उघडलीच नाही, तसं हे आहे.

पांढऱ्याकडे उरलेला उंट सी४ वर आहे, मोकळा. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीनंतर उरलेल्या मोहऱ्यांत काळ्याच्या वाईट उंटाचं वजन वाढत जातं. सहा मोहऱ्यांत एक निकामी असेल तर चालून जातं, तीनांत एक निकामी असेल तर डाव जातो. आणखी अदलाबदल करत राहिलं तर काळा बरोबरीकडे न जाता हरलेल्या एंडगेमकडे (डावाच्या शेवटच्या टप्प्याकडे) जातो. तिच्या जुन्या डावांत हेच पुन्हा पुन्हा झालं होतं. तिनं वजीर बदलले, हत्ती बदलले, आणि शेवटी पांढऱ्याच्या चांगल्या घोड्यासमोर डी७ चा उंट घेऊन बसली.

मग बरोबरी आहे असं इंजिन का म्हणतं? कारण चाल काळ्याची आहे आणि तो लगेच प्यादं ढकलून उंटाचा रस्ता उघडू शकतो. तो आकडा पुढची चाल धरून आलेला आहे. ती चाल खेळली नाही तर आकडा तिथे राहत नाही. लास्करमध्ये तेराव्या चालीला काळ्यावर एक देणं असतं, आणि ते आत्ताच फेडायचं असतं: ई५, नाहीतर बी६ करून सी५. तिसरा रस्ता नाही.

हे बोलून झाल्यावर ती पटाकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि मग तिनं विचारलं, "पण सर, दोन्ही चालतात तर यातलं कुठलं, हे कसं ठरवायचं?" त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता.

ई५ की सी५

आधी ई५ घेऊ, कारण तिचा ओढा तिकडे होता. १३... ई५ नं सी८ चा तिरका रस्ता उघडायला लागतो, हा सरळ फायदा. पण पांढऱ्याच्या सी४ च्या उंटालाही एफ७ पर्यंत रस्ता मिळतो. तिथे पांढरा दोन प्रकारे वागतो.

एक: १४. डी×ई५ घो×ई५ १५. घो×ई५ व×ई५ १६. एफ४. वजिरावर प्यादं आलं. तिनं सरावात तत्काळ १६... व ई७ केलं. सुरक्षित वाटतं. मी १७. एफ५ केलं आणि थांबलो. आता सी८ च्या उंटाचं काय? ई६ आणि एफ५ दोन्ही घरं गेली. ज्या उंटासाठी ई५ केलं, तो परत कोंडला गेला. वजिरानं जायचं ते पुढे: १६... व ई४. इथून तो ई३ च्या प्याद्यावर नजर ठेवून असतो, म्हणून पांढऱ्याला उं डी३ लगेच करता येत नाही, ई३ जातं. म्हणून १७. व ई२, आणि आता १७... उं एफ५. एफ५ चं घर उंटानं घेतलं, पांढऱ्याचं प्यादं पुढे सरकू शकत नाही. १८. उं डी३ व डी५ १९. ई४ ला घाबरायचं नाही, कारण १९... व डी४ हा शह आहे आणि तेवढ्यात काळा सावरतो. या लाईनमध्ये काळ्याची प्रत्येक चाल एकाच प्रश्नाचं उत्तर आहे, की उंट बाहेर कसा येईल. तो प्रश्न डोक्यात असेल तर व ई४ सापडते. नसेल तर हात आपोआप ई७ कडे जातो.

दोन: १४. उं बी३ ई×डी४ १५. ई×डी४ घो एफ६ १६. ह ई१ व डी६ १७. घो ई५. पांढऱ्याचं डी४ एकटं पडलेलं, पण मोहरी जोरात. इथे काळ्यानं घोडा डी५ वर आणायचा आणि उंट एफ५ किंवा ई६ वर. घोडा एफ६ वर जातो तो आत्ता, उंटाची वाट उघडल्यानंतर. तिचीच चाल, दोन चाली उशिरा, आणि आता योग्य. आर्तूर युसुपॉव्ह यांच्यासारख्या खेळाडूनं ही ओपनिंग वर्षानुवर्षं वरच्या पातळीवर खेळली आहे. अशा जोरदार पांढऱ्यासमोर शांत कसं राहायचं हे त्यांच्या डावांत शिकायला मिळतं.

आता सी५. इथे मी तिला जो डाव दाखवला तो आपल्याकडच्या प्रत्येक बुद्धिबळपटूनं एकदा तरी पटावर लावून पाहावा. सोफिया, ११ मे २०१०, जगज्जेतेपदाच्या सामन्याचा बारावा, शेवटचा डाव. विश्वनाथन आनंद आणि व्हेसेलिन टोपालॉव्ह, दोघांचे साडेपाच गुण. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं विमानं बंद होती, म्हणून आनंद फ्रँकफर्टहून सोफियाला सुमारे चाळीस तास रस्त्यानं प्रवास करून पोचला होता. आणि त्या निर्णायक डावात काळी मोहरी घेऊन त्यानं निवडला तो लास्कर डिफेन्स.

टोपालॉव्हनं दहाव्या चालीला उंट डी३ ऐवजी ई२ वर ठेवला, पण सी४ वर मारामारी झाल्यावर तेराव्या चालीला पट अगदी वर दिलेलाच आला. आनंदनं खेळलं १३... बी६. पुढे १४. उं डी३ सी५ १५. उं ई४ ह बी८ १६. व सी२ घो एफ६ १७. डी×सी५ घो×ई४ १८. व×ई४ बी×सी५ १९. व सी२ उं बी७.

सी५ चं प्यादं एकटं दिसतं, ए७ चंही. कागदावर काळ्याची प्यादी कमकुवत आहेत. मी तिला फक्त उंटावर बोट ठेवायला सांगितलं आणि तो कुठे कुठे गेला ते मोठ्यानं म्हणायला लावलं: सी८, बी७, ए६, डी३, परत ए६, बी७, ए८. कोपऱ्यात गेला तरी तिथून एच१ पर्यंतची लांब तिरपी रेघ त्याच्या ताब्यात. ३०. ई४ एफ५ ३१. ई×एफ५ ई४, आणि टोपालॉव्हनं ३२. एफ×ई४ करून ती रेघ स्वतःच राजापर्यंत उघडली. ३२... व×ई४ शह. पांढरा राजा एच३, मग एच४. शेवटी पंचेचाळिसाव्या चालीला आनंदनं हत्ती जी२ वर शहात घातला, पांढऱ्या वजिरानं तो मारला, आणि त्या वजिराला मारलं ते ए८ च्या उंटानं. तोच उंट, जो तेराव्या चालीला सी८ वर कोंडलेला होता. डाव छप्पन्नाव्या चालीला संपला, सामना साडेसहा-साडेपाच असा आनंदकडे राहिला.

तिचा लगेचचा प्रश्न होता, "मग नेहमी बी६ च खेळू?"

नाही. या पटावर दोन्ही चालतात, आणि ठरवायचं ते पुढे कुठल्या प्रकारच्या डावात आपण बसू शकतो यावरून. ई५ मध्ये पट लवकर मोकळा होतो, हिशेब अचूक लागतो, एक-दोन ठिकाणी एकच चाल बरोबर असते, पण ती सापडली की बरोबरी पक्की. बी६-सी५ मध्ये पांढऱ्याला उंट ई४ वर आणायला वेळ मिळतो, काळ्याची प्यादी तुटतात, पण बदल्यात बी-फाइल आणि लांब रेघेवरचा उंट मिळतो. डाव लांबतो, आणि जिंकायची संधीही दोघांना राहते. समोरचा आपल्यापेक्षा कमी रेटिंगचा असेल आणि गुण हवा असेल तर मला स्वतःला बी६ जास्त आवडते. शिवाय पांढऱ्याचा उंट कुठे आहे हे पाहायचं. तो डी३ वर असेल आणि एफ३ ला घोडा असेल, तर ई५ मध्ये पुढच्या चालीला ई४ करून दोघांवर एकदम प्यादं घालायची धमकी असते. उंट सी४ वर असेल तर ती धमकी उरत नाही.

सराव

पुढचे काही आठवडे आम्ही सुरुवातीच्या बारा चाली खेळल्याच नाहीत. घड्याळ लावून, तेराव्या चालीपासूनच डाव सुरू. कधी ती काळी, कधी मी. तिला एकच अट: प्यादं ढकलायच्या आधी सी८ च्या उंटाचा पुढचा पत्ता मोठ्यानं सांगायचा. "ई५, उंट एफ५ ला." "बी६, उंट बी७ ला." पत्ता सांगता आला नाही तर चाल मागे. सुरुवातीला तिला हे लहान मुलांसारखं वाटलं, पण आठवडाभरातच ती माझ्या चालींनाही तोच प्रश्न विचारायला लागली, आणि एकदा मी पांढऱ्याकडून घेतलेला एफ४-एफ५ चा बेत तिनं व ई४ करून जागच्या जागी थांबवला.

मग मी पट बिघडवायला लागलो. हत्ती सी१ ऐवजी दुसरीकडे, वजीर आधी सी२ वर, सी३ वर हत्तीऐवजी प्याद्यानं मारणं. पाठ केलेली लाईन इथे उपयोगी पडत नाही. उंटाचा प्रश्न मात्र सगळीकडे लागू पडतो.

इंजिन आम्ही शेवटी उघडायचो, डाव संपल्यावर, आणि तेही फक्त ढकललेल्या प्याद्याच्या चालीपाशी. आकड्यापेक्षा इंजिनची पहिली सुचवलेली चाल पाहायची आणि ती उंटासाठी काय करते ते शब्दांत लिहायचं. तिच्या वहीत अशी पानं भरली आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये महिला ग्रांप्रीचा टप्पा पुण्यात झाला, कोनेरू हम्पीनं तो टायब्रेकवर जिंकला. तेव्हा तिथे बसून डाव पाहतानाही तिनं त्याच वहीत नोंदी केल्या होत्या, पण त्या बहुतेक नुसत्या चालींच्या आहेत. आताच्या पानांवर चाली कमी आणि वाक्यं जास्त आहेत.

पुन्हा स्पर्धेत

पुढच्या स्पर्धेत तिच्यासमोर अठराशेच्या वरचा एक प्रौढ खेळाडू आला. नववी चाल नेहमीची, पण दहाव्याला त्यानं वेगळं केलं: १०. व सी२. मग १०... घो×सी३ ११. व×सी३. सी३ वर हत्तीऐवजी वजीर, आणि पांढऱ्याच्या उंटानं अजून चाल केलेली नाही. जुन्या सवयीनं तिनं लगेच डी×सी४ केलं असतं. तिनं ११... घो डी७ करून वाट पाहिली. १२. उं डी३, आणि आत्ता १२... डी×सी४ १३. उं×सी४ बी६ १४. ०-० उं बी७ १५. ह एफडी१ सी५.

नंतर मला सांगताना ती म्हणाली की ई५ तिनं पाहिलं, पण उंट तोवर बी७ वर निघालेला होता, मग त्याची रेघ उघडायला सी६ चंच प्यादं हलायला हवं. १६. डी×सी५ घो×सी५ १७. बी४ नं घोडा हाकलला, पण घोडा गेला तो १७... घो ई४, थेट वजिरावर, बी७ च्या उंटाच्या आधारानं. पांढऱ्याचा वजीर बी२ वर परत गेला, कारण बी४ सांभाळायचं होतं. बी४ ढकलल्यामुळे सी३ चं घर कायमचं कच्चं झालं. सी-फाइलवर हत्ती बदलले गेले आणि एंडगेम बरोबरीत सुटला. अर्धा गुण, तोही वरच्या रेटिंगच्या खेळाडूकडून. पण मी स्कोअरशीटवर खूण केली ती अकराव्या चालीला. पाठ नसलेल्या पटावर तिनं थांबायचं कधी आणि ढकलायचं काय, हे स्वतः ठरवलं होतं.

त्यानंतर लास्करमध्ये ती हरलेली आहे, जिंकलेलीही आहे. हरलेल्या एका डावात उंट चांगला होता आणि चूक हत्तींच्या एंडगेममध्ये होती. तो वेगळा विषय.

या ओपनिंगनं सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे तिच्या बाबांनाही सांगितलं. पांढऱ्यानं लवकरच सी×डी५ करून एक्स्चेंज व्हेरिएशन घेतलं, किंवा जी३ करून कॅटलान, तर लास्कर लागूच पडत नाही. आणि आपल्याकडच्या शनिवार-रविवारच्या स्पर्धांत पांढऱ्याकडून लंडन सिस्टीम ही वेगळी ओपनिंग खेळणारे इतके आहेत की त्याची तयारी वेगळी हवीच.

सध्या आम्ही घेतलंय ते नवव्या चालीचं सी×डी५. ९. सी×डी५ घो×सी३ १०. बी×सी३ ई×डी५ ११. व बी३ ह डी८ १२. सी४ डी×सी४ १३. उं×सी४ घो सी६. इथे ई६ चं प्यादंच गेलेलं आहे, उंट जन्मतः मोकळा, आणि घोडा डी७ ऐवजी सी६ वर, कारण पुढे घो ए५ करून वजीर आणि उंट दोघांवर एकदम जायची धमकी आहे. म्हणून पांढरा १४. उं ई२ करतो, आणि सिद्धांत सांगतो १४... बी६. तिनं मला अडवून विचारलं की एफ५ चा रस्ता उघडा असताना उंटाला पुन्हा बी७ वर का न्यायचं. मी उत्तर दिलं नाही. पट तिच्याकडे सरकवला. तिनं उंट एफ५ वर ठेवला, बी३ च्या वजिराकडे पाहिलं, बी७ चं प्यादं आता कुणी धरलेलं नाही आणि ते मारलं की वजीर थेट सी६ च्या घोड्यावर येतो हे पाहिलं, उंट परत सी८ वर ठेवला आणि बी६ खेळली.